मंगळसूत्र घरी, शिट्टी गळ्यात

“अगं, गळा असा ओका ठेवून कुठं निघालीस?”

पहाटेचे साडेपाच. मी उंबऱ्यात बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. सासूबाईंचा आवाज आला तसा माझा हात आपोआप गळ्याशी गेला. मंगळसूत्र काढून मी देवघराच्या खणात ठेवलं होतं आणि ते कुणाच्या लक्षात यायच्या आत जिना उतरावा असा माझा बेत होता. पण मैत्रिणींनो, चाळीतल्या दोन खोल्यांत सासूच्या नजरेतून काय सुटणार!

“आई, धावायला चाललेय. सव्वासहापर्यंत येते.”

“धावायला जा की. पण सौभाग्याचं लेणं काढून?”

त्या दिवशी मी गेले नाही. बूट काढले, चहाचं आधण ठेवलं आणि मुकाट्याने कणीक मळायला घेतली.

सासूबाईंचं तरी काय चुकलं? त्यांना जे वाटलं ते त्या बोलल्या. पण माझ्या डोळ्यांपुढे आमच्याच मजल्यावरच्या वहिनी होत्या. दिवाळीनंतरची गोष्ट. वहिनी रोज सकाळी फिरायला जात. एक दिवस मागून मोटारसायकल आली आणि मागे बसलेल्याने मंगळसूत्राला हिसडा दिला. चांगलं दोनपदरी, घट्ट घडणीचं मंगळसूत्र, ते काही लगेच तुटेना. वहिनी चार पावलं फरफटत गेल्या, मग तुटलं. गळ्यावर सुरीने कापावी तशी जखम, गुडघा फुटलेला. आणि वर चाळभर एकच वाक्य, “इतक्या सकाळी बायकांनी जायचंच कशाला?” चोर राहिला बाजूला, चूक वहिनींची ठरली! त्यांचं फिरणं त्या दिवसापासून बंद झालं. सोनं गेल्याचं दुःख होतंच, पण सकाळ गेल्याचं जास्त होतं, असं त्या मला पुढे एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना म्हणाल्या. त्यांचं ते वाक्य मनात राहिलं म्हणून हे सगळं लिहायला बसले आहे.

मी राहते मुंबईत, शिवडीला. हार्बर लाईनच्या पश्चिमेला आमच्या चाळी आणि रुळांच्या पलीकडे, पूर्वेला, बंदराची गोदामं. तिकडचा रस्ता सपाट आणि पहाटे मोकळा. पुढे खाडीच्या चिखलावर हिवाळ्यापासून ऐन उन्हाळ्यापर्यंत फ्लेमिंगोंचे थवे उतरतात, ते बघायला लांबलांबून लोक येतात. पण चार जणांनी मोटारीतून पाखरं बघायला येणं वेगळं आणि एकट्या बाईने झुंजुमुंजू असताना त्या रस्त्याने पळणं वेगळं. दुतर्फा उभे ट्रक, टपावर झोपलेले क्लीनर, गोदामांच्या लांबच लांब भिंती, आणि भिंतीच्या कडेला गर्दुल्ले. (‘गर्द’ हा शब्द घराघरांत पोचला तो ऐंशीच्या दशकात, अनिल अवचटांच्या लिखाणातून. शब्द जुना झाला, माणसं अजून तिथंच आहेत.) २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून अटल सेतू सुरू झाला तेव्हापासून गाड्यांची भर पडली ती वेगळीच.

तुम्ही म्हणाल, मग एवढ्या भानगडीत पडायचं कशाला? बाग नाही का? आहे हो, पण बागेचं फाटक उघडेपर्यंत माझी डब्यांची वेळ होते. आणि तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर ११८ निघाली होती. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं; चालता चालता मी कधी पळायला लागले ते मलाच कळलं नाही. दिवसातली तेवढी पाऊण तासाची वेळ कुणाची आई, कुणाची सून नसते, एवढंही कारण पुरेसं आहे.

“या वयात बायकांना पळणं झेपतं का?” असं विचारणारे भेटतातच. त्यांना सांगा, बायकांना एवढं लांब धावणं झेपणार नाही अशाच समजुतीपायी १९८४ पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन नव्हती. आता मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनला नऊवारी नेसून पळणाऱ्या आजीसुद्धा दिसतात.

गळ्यातलं, कानातलं, अंगावरचं

आधी सोन्याचं बोलू. कारण आपल्या बायकांच्या बाबतीत रस्त्यावरचा पहिला धोका तिथंच लटकलेला असतो.

“खोटं घालून जा,” असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. धावत्या मोटारसायकलवरून चोराला खरं-खोटं कळत नाही. तो हिसडा देणारच. सोनं वाचेल, मान वाचणार नाही. गळ्यात काही घालायचंच असेल तर कच्च्या काळ्या दोऱ्यात चार काळे मणी ओवून घाला, सोन्याची वाटी नको. ओढलं की दोरा तुटतो, तुम्ही पडत नाही. ही युक्ती माझी नव्हे; कुणाची ते पुढे सांगते. कानातलं लोंबतं नको. बांगड्यांचं ज्याचं त्याने ठरवावं, मी काचेच्या दोन ठेवते. आणि दैव फिरलंच, कुणी गळ्याला हात घातलाच, तर ओढाओढ करू नका. जाऊ द्या. डाग पुन्हा करता येतो.

ओढणी, शाल, मोकळी वेणी नको. पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅक पँट, वर सैलसर पण भडक रंगाचा सदरा. काळा, करडा, गडद निळा हे रंग अंधारात ट्रकवाल्याला दिसतच नाहीत. खेळाच्या सामानाच्या दुकानात उजेड पडला की चमकणारे पट्टे मिळतात, ते दंडाला किंवा पाठीला लावावेत. आतल्या कपड्यांविषयी आपण बोलत नाही, पण बोलायला हवं. धावण्यासाठीची घट्ट बॉडीस घेतली की पळताना अवघडल्यासारखं होत नाही, आणि अवघडलेली बाई मान खाली घालून पळते. मान खाली असली की आजूबाजूचं काही दिसत नाही.

बूट मात्र जाड तळव्याचेच. आमच्याकडे भिंतीच्या कडेला फुटक्या बाटल्या असतात आणि सुयाही असतात.

कानात गाणी नकोत. मागून येणारी मोटारसायकल आधी ऐकू येते, मग दिसते. माझ्या मुलीचं म्हणणं, एका कानात चालेल. मी तेही करत नाही.

रस्ता कुठला, बाजू कुठली

रहदारीकडे तोंड करून पळावं, म्हणजे आपल्याकडे रस्त्याच्या उजव्या कडेने. वाहनं डावीकडून जातात, त्यामुळे आपल्या कडेची गाडी समोरून येते, ती दिसते आणि बाजूला व्हायला वेळ मिळतो. वहिनी डाव्या कडेने चालत होत्या. उलट दिशेने गाडी घालणारे महाभाग असतातच, म्हणून अधूनमधून मागे नजर टाकायची.

उभा ट्रक आणि भिंत यांच्यामधल्या बोळातून कधीही जायचं नाही. रस्ता कितीही खराब असो, ट्रकच्या उघड्या बाजूनेच जायचं. हा नियम मी एकदाच मोडला. आत एक माणूस बसला होता. त्याने काही केलं नाही, नुसता दचकून उठला, पण माझे पाय पुढे दिवसभर थरथरत होते.

मुंबईत डिसेंबर-जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, जूनमध्ये सहाच्या सुमारास. म्हणजे तीच साडेपाचची वेळ, पण हिवाळ्यात मिट्ट काळोख आणि उन्हाळ्यात फटफटायला आलेलं. म्हणून थंडीत मी गोदामांकडे फिरकत नाही, चाळींच्या बाजूने दिव्याखालूनच चार फेऱ्या मारते. कंटाळा येतो, पण मार्चपर्यंत कळ काढायची.

पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यात पाय घालायचा नाही, घोटाभर असलं तरी. २०१७ च्या ऑगस्टमधल्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, ते आपण वाचलं आहे. त्या दिवशी घरातच जिने चढावे-उतरावे.

आणि कुत्री! माणसांपेक्षा मला पहिल्यांदा त्यांचीच भीती वाटायची. टोळकं भुंकत आलं की पळू नये, पळणाऱ्याच्या मागे ती लागतात. थांबावं, हात अंगालगत, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, आणि हळूहळू तिरपं मागे सरकावं. चावलंच तर जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना, तेल, काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची आणि ठरलेले सगळे डोस पुरे करायचे. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेतही एक इंजेक्शन द्यावं लागतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस हाती लागत नाही. म्हणून “ओरखडाच आहे” म्हणून घरी बसू नका.

ओळखीची माणसं

इंग्रजी पुस्तकांत असतं की रोज रस्ता बदला, वेळ बदला, म्हणजे कुणाला पाळत ठेवता येणार नाही. मी तसं करून पाहिलं. झालं असं की एकाही गल्लीत मला कुणी ओळखेना. जिथं जाईन तिथं मी नवी. आणि नवी बाई दिसली की टोमणे ठरलेले.

मग मी उलट केलं. वेळ तीच, रस्ता तोच. महिन्याभरात दुधाच्या केंद्रावरचा मुलगा ओळखू लागला, पेपरवाला ओळखू लागला. टीबी हॉस्पिटलकडच्या रस्त्याला एक चहाची टपरी आहे, रोग्यांचे नातेवाईक रात्रभर जागून पहाटे तिथं उभे असतात. टपरीवाले काका मला पाहून घड्याळ बघतात. झाडलोट करणाऱ्या दोघी मावशी आहेत, लांब दांड्यांच्या झाडूवाल्या. त्यांच्याशी मी पहिल्या दिवसापासून थांबून बोलते. एकीच्या सुनेला माझ्या मुलीचे जुने कपडे गेले, दुसरीने मला कुठला दिवा बंद आहे ते आधी सांगायला सुरुवात केली. भिंतीकडेच्या गर्दुल्ल्यांपैकी एक जण तर “ताई, आज उशीर?” असं विचारतो! पैसे मागितले तर मी देत नाही, आणि अंगावरून जात नाही, रस्त्याची दुसरी कडा धरते. पण तोही कुणाचा तरी मुलगा आहे, मान हलवायला काय जातं?

आता, रोजचा रस्ता चांगल्यांना माहीत होतो तसा वाईटांनाही होतो, हे खरं. त्याला माझा उपाय एवढाच की परत फिरायची जागा रोज वेगळी. कधी टपरीपासून, कधी त्याच्या पुढच्या दिव्यापासून. आणि जिथं उघडं दुकान किंवा ओळखीचं माणूस दृष्टीच्या टप्प्यात नाही, तिथवर एकटीने जायचं नाही. जोडीदारीण मिळाली तर फारच बरं. पण तिची वाट पाहत वर्ष घालवू नका.

खिशात काय असतं? मोबाईल, शंभराची नोट, आणि एक चिठ्ठी: नाव, रक्तगट, यांचा नंबर. गळ्यात शिट्टी, शाळेतल्या पी.टी.च्या सरांसारखी. तिखटाची पूड जवळ ठेवतात काही जणी. वारा उलटा असला तर ती आपल्याच डोळ्यात जाते! फवारा ठेवायचा असेल तर तो आधी मोकळ्यावर मारून बघा, झाकण कसं निघतं ते ऐनवेळी शोधत बसू नका. मला शिट्टी बरी वाटते. तिला वारा लागत नाही.

मोबाईलवर ११२ हा नंबर लक्षात ठेवा. पुष्कळ फोनवर बाजूचं बटण भराभर तीनदा, काहींवर पाचदा दाबलं की संकटाचा फोन लागतो. आपल्या फोनवर कसं आहे ते मुलांकडून आजच समजून घ्या.

मी घरी सांगितलं नाही

एवढं सगळं पाळूनही गेल्या फेब्रुवारीत तो प्रसंग आलाच.

एक माणूस स्कूटरवरून माझ्या वेगाने, माझ्या बाजूने येऊ लागला. पहिल्या दिवशी गाणं म्हणत. दुसऱ्या दिवशी, “बसतेस का मागे, सोडतो.” मी दोन्ही दिवस घरी आले, पोहे केले, डबे भरले, आणि अक्षर बोलले नाही.

का नाही बोलले? माझ्याबरोबर कधीमधी पळणाऱ्या तिघी आहेत. त्यांना मी विचारलं, तुमच्या बाबतीत असं काही झालंय का? तिघींच्याही बाबतीत झालं होतं. एकीला दगड मारला होता. तिघींपैकी एकीनेही घरी सांगितलं नव्हतं. “सांगितलं तर बूट माळ्यावर जातील,” एक म्हणाली. अगदी माझ्याच मनातलं! म्हणजे बघा, रस्त्यावरच्या माणसाची भीती एक, आणि घरच्या मायेच्या माणसांची भीती दुसरी. पहिलीसाठी शिट्टी आहे.

तिसऱ्या दिवशी त्याने स्कूटर आडवी घातली. मी वळले, टपरीच्या दिशेने सुटले आणि पळता पळता शिट्टी फुंकली. टपरीवाले काका हातात सांडशी घेऊन बाहेर आले, दोघी मावशी झाडूंसकट रस्त्यात उभ्या राहिल्या. एकीने त्याला अशा शिव्या दिल्या की इथं छापता येणार नाहीत. तो पळाला. नंबरप्लेटवरचे शेवटचे चार आकडे मी घरापर्यंत पाढ्यासारखे घोकत आले.

त्या दिवशी मात्र सांगितलं. आमच्या यांचा चेहरा उतरला, मग आवाज चढला.

“बास झालं. उद्यापासून बंद. ट्रेडमिल घेऊ हप्त्याने.”

“अहो, दोन खोल्यांत ते धूड ठेवायचं कुठं?”

“ते मी बघतो. पण तू बाहेर जायचं नाहीस.”

सासूबाई देवापुढे वाती वळत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “संपाच्या आधीची गोष्ट. तुझे वडील गिरणीत होते. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत डबा तयार हवा, म्हणून मी पहाटे चारला नळावर जायची. तिथं एकाने माझा हात धरला होता.”

हे गप्पच झाले. एवढ्या वर्षांत हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही.

“मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर माझ्यावरच आलं असतं. मग मी लांबच्या नळावर जायला लागले. सहा महिने. दोन घागरी डोक्यावर, एक कडेला, आणि तू पोटात.” वात तुपात बुडवून त्यांनी निरांजनात ठेवली. “ही सांगतेय तर ऐकून घे तिचं. उद्या ही सांगायची बंद होईल, जायची नाही.”

त्याच दिवशी आम्ही दोघं पोलिसांकडे गेलो. इथं थोडी माहिती देते, ती कापून ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बाईचा पाठलाग करणं हा तिच्या ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे, पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद. अश्लील शब्द, हावभाव यांना कलम ७९. गळ्यातलं हिसकावणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ३०४, त्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, “आमच्या हद्दीत येत नाही” हे कारण चालत नाही. पाठलागाची किंवा छेडछाडीची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. नोंदवलेल्या गुन्ह्याची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. जाताना दिवस, वेळ, जागा, गाडीचा रंग, आकडे हे कागदावर लिहून न्या. तिथं गेल्यावर आठवत नाही. आमचे चार आकडे उपयोगी पडले.

पुढचे आठ दिवस हे माझ्याबरोबर आले. पहिल्या दिवशी दुधाच्या केंद्रापर्यंत पळाले, दुसऱ्या दिवशी तिथंच बाकावर बसून राहिले, नवव्या दिवशी उठलेच नाहीत. तो स्कूटरवाला नंतर मला स्टेशनजवळ एकदा दिसला. त्याने तोंड फिरवलं.

आता आमच्या घरात एक पद्धत पडली आहे. मी आले की सासूबाई विचारतात, “आज काय?” मी सगळं सांगते. कुणी काही बोललं असेल तर तेही सांगते. त्यावर लगेच कुणी काही ठरवायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. बहुतेक दिवशी सांगण्यासारखं काहीच नसतं, फार तर फ्लेमिंगो.

आणि त्या कच्च्या दोऱ्यातल्या काळ्या मण्यांची युक्ती, ती सासूबाईंची. पोलिसांकडून आलो त्या संध्याकाळी त्यांनी आपल्या जुन्या पोतीतले मणी काढले आणि ओवायला बसल्या. एक माझ्यासाठी, आणि एक कुणासाठी ते मला कळेना.

गेल्या आठवड्यात मी साडेपाचला दार उघडलं तर जिन्यात मजल्यावरच्या वहिनी उभ्या. पायात मुलाचे बूट, पुढे कापूस कोंबलेले, आणि गळ्यात तो दुसरा दोरा. त्या टपरीपर्यंत चालत आल्या. उजव्या कडेने. गुडघा अजून दुखतो म्हणाल्या. टपरीवाल्या काकांनी तीन चहा ओतले, एक स्वतःसाठी. परत फिरताना वर पाहिलं तर सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या.

“येताना दूध घेऊन या गं,” त्या वरून ओरडल्या. “दोन पिशव्या!”